बावटा तीनचा, सर्व्हर म्हणतो २००

रत्नागिरीत बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला की मिरकरवाड्यात कुणी खुलासा मागत नाही. वादळी वारा आहे, होड्या आतच राहतात. आकडा पुरतो.

वेबसर्व्हरचा स्टेटस कोड म्हणजे असाच बावटा. २०० म्हणजे सगळं ठीक, ४०४ म्हणजे पान नाही, ५०३ म्हणजे तात्पुरतं बंद. पानावरचा मजकूर माणसांसाठी. कोड ब्राउझर, सर्च इंजिन आणि मॉनिटरिंगसाठी.

आता आमचाच किस्सा सांगतो. एका साइटचा डेटाबेस रात्री झोपला. आम्ही छानपैकी 'क्षमस्व' असं पान केलं होतं, पण ते जायचं २०० घेऊन! मॉनिटरिंग रात्रभर हिरवंगार. लोकांचे अर्ज भरायचे राहिले, आणि आम्हाला कळलं ते सकाळी, शिव्या खाताना.

अपाचीत आणखी एक खड्डा आहे. एररडॉक्युमेंटपुढे एचटीटीपीसकट पूर्ण पत्ता लिहिला की सर्व्हर रिडायरेक्ट पाठवतो आणि मूळ ४०४ हरवतो. स्लॅशने सुरू होणारा आतला पत्ता द्या. दुरुस्तीच्या वेळी ५०३ द्या, सोबत रिट्राय-आफ्टर हेडर. म्हणजे सर्च इंजिनला कळतं की पान गेलेलं नाही, नंतर यायचंय.

"एरर दिसली तर बरं दिसत नाही हो," असं म्हणणारे मॅनेजर भेटतात. अहो, पान हवं तेवढं सजवा, पण बावटा खरा लावा.

थोडा वेळ आहे ना? मग आपल्या साइटवर एक नसलेलं पान मागून बघा. कोड काय येतो?