अंग चोळा, पण पंप सोडू नका



या सदरात आपण नेहमी पिकांविषयी बोलतो. आज मुलांच्या छातीविषयी बोलायचे आहे.

मळणी सुरू होऊन भुसा उडू लागला, की बाळदम्याची मुले रात्री उठून बसतात. छाती घरघरते, श्वासाला शिट्टी वाजते. मग आजी कोमट तेलाने पाठ-छाती चोळते. कुणी मुलाला जाणत्या माणसाकडे नेऊन मणका 'मोकळा' करून आणतो. सकाळी मूल खेळू लागले की घरचे म्हणतात, गुण आला. पुढच्या वेळी डॉक्टरांनी दिलेला पंप कोनाड्यातच राहतो. खरा धोका इथे आहे.

मी डॉक्टर नव्हे, शेतीखात्यातला माणूस. पण गुण कशाने आला हे पारखण्याची रीत आपल्या शेतातलीच आहे. माव्यावर औषध फवारले आणि त्याच रात्री जोराचा पाऊस झाला. सकाळी मावा दिसेनासा झाला, तर श्रेय औषधाला द्यायचे की पावसाला? म्हणूनच प्रात्यक्षिकात चार ओळी न फवारता राखाव्या लागतात. दमाही चढउताराचा रोग आहे. रात्री बळावतो, दिवसा पुष्कळदा आपसूक उतरतो.

डॉक्टरांनीही अशाच ओळी राखून पाहिल्या. कॅनडातील एक प्रयोग १९९८ साली प्रसिद्ध झाला. त्यात ७ ते १६ वर्षांची ९१ मुले होती आणि त्यांची नेहमीची औषधे चालूच होती. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाच्या मणक्यावर खरा हस्तोपचार केला, दुसऱ्यावर नुसता केल्यासारखे दाखवले. चार महिने मुलांच्या फुंकरीचा जोर मोजला. दोन्ही गटांत तो थोडासा वाढला, त्रास कमी झाला, आरामाचे औषधही कमी लागले. पण खऱ्या आणि लटक्या उपचारात म्हणावा असा फरक निघाला नाही.

त्याच साली अमेरिकेतील दुसरा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात ३२ मुले होती. काहींचे आईवडील ३० दिवस रोज झोपण्यापूर्वी २० मिनिटे मुलांचे अंग चोळत. बाकीच्यांना अंग सैल सोडण्याचे व्यायाम दिले. चोळलेल्या ४ ते ८ वर्षांच्या मुलांची घालमेल कमी झाली, फुंकरीचा जोरही वाढला. ९ ते १४ वर्षांच्या मुलांची घालमेल कमी झाली, पण फुप्फुसाच्या मोजमापांपैकी एकच सुधारले. ३२ मुले म्हणजे दोन गुंठ्यांतला प्रयोग. तेवढ्यावर साऱ्या तालुक्याला शिफारस करता येत नाही.

असे का, ते ठिबकच्या नळीवरून समजेल. नळीत क्षार साचले तर ती वरून कितीही पुसा, पाणी सुटत नाही. आतून आम्ल सोडावे लागते. दम्यात श्वासनळ्या आतून सुजतात, चिकट कफ साचतो आणि भोवतीचे स्नायू आवळतात. वरच्या तेलाने ती सूज उतरत नाही. पंपातले औषध श्वासाबरोबर थेट नळ्यांत पोचते. एक औषध आवळलेल्या नळ्या लगेच सैल करते, दुसरे रोज घेतल्याने सूज आटोक्यात ठेवते. हे रोजचे औषध मूल बरे दिसते म्हणून आपल्या मनाने बंद करू नये.

मग चोळणे सोडावे का? मुळीच नाही. आईच्या हाताने भ्यालेले मूल शांत झोपते, हे काही थोडे नाही. मात्र हे सांभाळा:

१. हात हलका ठेवा. मणका, मान कडकड मोडू नका. उग्र वासाचे तेल नको. वासानेही दमा उठतो.

२. नाकात किंवा घशात तेल सोडू नका. ते फुप्फुसात उतरले तर न्यूमोनिया होतो.

३. ओव्याची, धुपाची धुरी देऊ नका. चुलीचा व विडीचा धूर, मळणीचा भुसा आणि फवारणी यांपासून मूल लांब ठेवा.

४. धाप लागली असता मुलाला आडवे करून चोळत बसू नका. ताठ बसवून डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे आरामाचा पंप द्या.

५. वाक्य पुरे बोलवत नसेल, बरगड्यांखाली खळगा पडत असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा पंपाने उतार पडत नसेल, तर सकाळची वाट पाहू नका. १०८ क्रमांकाची गाडी बोलवा किंवा मिळेल त्या वाहनाने दवाखाना गाठा.

पंप आणि डॉक्टरांचा कागद घरात सर्वांना ठाऊक असलेल्या एकाच जागी ठेवा. तुम्ही रात्री पाण्याच्या पाळीला गेलात, तरी आजीच्या हाताला तो अंधारातही लागला पाहिजे.