खरजेचा विभाग आणि फर्डिनांड हेब्रा

फर्डिनांड फॉन हेब्रा यांचा जन्म १८१६ सालचा, मोरावियातल्या ब्रनो शहरातला. १८४१ मध्ये व्हिएन्नात वैद्यकाची पदवी घेऊन ते तिथल्या सार्वजनिक रुग्णालयात योसेफ श्कोडा यांच्या हाताखाली लागले. श्कोडांचा विषय छातीचे आजार. त्यांच्या विभागाला त्वचारोग्यांच्या खोल्या नुसत्या जोडलेल्या होत्या. तिथे बहुतेक रुग्ण खरजेचे. कोणाला रस नसलेले हे काम श्कोडांनी नव्या सहायकाकडे सोपवले.

त्वचेवर उठते ते अंगातल्या दूषित रसांमुळे, अशी तेव्हाच्या अनेक डॉक्टरांची समजूत होती. मलम लावून खरूज दाबली तर विकार आत शिरेल, ही भीतीही त्यातूनच आलेली. खरजेचा किडा पॅरिसमध्ये १८३४ साली सुईच्या टोकावर काढून दाखवला गेला, तरी मूळ कारण रक्तातच असल्याचा हट्ट सुटला नव्हता. हेब्रांनी ते किडे स्वतःच्या अंगावर सोडले. खरूज झाली, किडे मारल्यावर गेली. आत काही शिरले नाही. १८४४ मध्ये त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि गंधकाचे मलम निर्धास्त लावण्याला आधार मिळाला. रक्त बिघडल्याने खाज सुटते, असे आपल्याकडे आजही घरोघरी ऐकू येते. त्यामुळे हा प्रयोग अजून सांगत राहावा लागतो.

१८४५ मध्ये हेब्रांनी त्वचेतल्या प्रत्यक्ष बदलांवरून रोगांचे बारा वर्ग पाडले. त्याआधीच सोरायसिसला कुष्ठाच्या नावाने ओळखण्याचा घोळ त्यांनी निस्तरला होता. सोरायसिसच्या रुग्णाला नाहक मिळणारी कुष्ठाची धास्ती ध्यानात घेतली, तर नुसते नाव सुधारणे हाही उपचारच ठरतो. १८५६ पासून निघालेल्या त्यांच्या चित्रसंग्रहासाठी आंटोन एल्फिंगर आणि कार्ल हाइट्समान या चित्रकार-डॉक्टरांनी रंगीत चित्रे काढली. मोठ्या प्रमाणावर भाजलेल्या रुग्णांना सतत कोमट पाण्यात ठेवण्याची पद्धतही हेब्रांचीच.

प्रसूतिगृहात डॉक्टरांनी हात निर्जंतुक केल्यास बाळंतिणींचे मृत्यू घटतात, हे इग्नाझ सेमेलवाइस यांचे निरीक्षण डिसेंबर १८४७ मध्ये पहिल्यांदा छापले ते हेब्रांनी, आपण संपादित करत असलेल्या नियतकालिकात.

१८६९ मध्ये हेब्रा पूर्ण प्राध्यापक झाले. १८८० मध्ये त्यांचे निधन झाल्यावर विभागाची धुरा त्यांचे शिष्य आणि जावई मोरित्स कपोसी यांच्याकडे आली. कपोसी सार्कोमा हा आजार त्यांच्याच नावाने ओळखला जातो.