तीन रुपयांचे मोठेपण

लुडो सुप्रीम नावाचे एक ॲप आहे. चार जणांनी प्रत्येकी पाच रुपये लावायचे. जमले वीस. जिंकणाऱ्याला सतरा मिळणार, उरलेले तीन कंपनीचे. 2021 मध्ये हा हिशेब मुंबई उच्च न्यायालयापुढे गेला. लुडो फाशांवर चालतो, फासे नशिबावर चालतात, म्हणून पैसे लावून लुडो खेळवणे हा जुगारच, असे अर्जदाराचे म्हणणे होते. त्याआधी गिरगावच्या दंडाधिकाऱ्यांनी लुडोला कौशल्याचा खेळ मानून गुन्हा नोंदवण्याचा आदेश द्यायला नकार दिला होता.

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. त्यानंतर लुडो सुप्रीम चालवणाऱ्या झुपी या कंपनीने पैशांचे डाव थांबवले. सोबत ग्वाहीही दिली, की लुडो सुप्रीम आणि सापशिडीसारखे फुकटचे खेळ सुरूच राहतील. पट तोच, सोंगट्या त्याच, नावही तेच. कालपर्यंत जे प्रौढांचे कौशल्य होते, ते एका निवेदनासरशी घरगुती विरंगुळा झाले.

हे इतके सहज कसे झाले?

खेळ विकणाऱ्या कंपन्यांना एक जुनी सल आहे. आपल्याला लोक पोरकट समजतात, ही ती सल. जपानच्या निन्टेंडोने ती सर्वात जास्त सोसली. 1993 मध्ये ‘मॉर्टल कॉम्बॅट’ हा मारामारीचा खेळ निन्टेंडोच्या यंत्रावर आला, तेव्हा कंपनीने त्यातले रक्त काढून करड्या रंगाचा घाम घातला. प्रतिस्पर्धी सेगाच्या यंत्रावर एक संकेत दाबला की रक्त दिसे. बाजी सेगाने मारली. निन्टेंडो पोरांची आणि सेगा थोरांची, असे अमेरिकेतल्या मुलांनीच ठरवून टाकले. पुढच्या वर्षी आलेल्या दुसऱ्या भागात निन्टेंडोनेही रक्त राहू दिले. आणखी काही वर्षांनी, वी हे यंत्र आले त्या सुमारास, कंपनीच्या लाल बोधचिन्हाचा रंगही गेला. लंबगोल तोच राहिला, फक्त करडा झाला. करडा म्हणजे समजूतदार, बैठकीच्या खोलीत शोभणारा. दहाएक वर्षांनी निन्टेंडोने तो सोडला आणि लाल रंग परत आणला. लाल चिन्हाचे स्विच हे यंत्र 2017 मध्ये बाजारात आले आणि 15 कोटींहून अधिक खपले. पोरकट दिसण्याने त्यांचे काही बिघडले नाही.

याच निन्टेंडोची सुरुवात मात्र खेळण्यांतून झालेली नाही. 1889 मध्ये क्योटोत ती सुरू झाली ती हानाफुदा हे पत्ते बनवण्यासाठी. जपानच्या जुगारी अड्ड्यांवर हे पत्ते चालत. म्हणजे ही कंपनी जुगाऱ्यांच्या पत्त्यांपासून निघाली आणि मुलांच्या खेळण्यांपर्यंत आली. आपल्याकडे प्रवास नेमका उलटा झाला. मुलांचा लुडो उचलला आणि पैशांच्या डावावर नेऊन बसवला.

मोठे दिसण्यासाठी आपल्या कंपन्यांना चिन्हाचा रंग बदलावा लागला नाही. त्यांनी चिन्हाशेजारी रुपया ठेवला. रुपया आला तशी सगळी प्रौढ सामग्री मागोमाग आली. 18 वर्षांवरील व्यक्तींसाठीच, ही अट आली. मुंबईच्या जाहिरात मानक परिषदेची नियमावली आली. 15 डिसेंबर 2020 पासून अशा जाहिरातींत 18 वर्षांखालची व्यक्ती दाखवायची नाही, खेळात आर्थिक जोखीम आहे आणि त्याचे व्यसन लागू शकते हे सांगायचे, आणि छापील जाहिरातीत या इशाऱ्याला किमान वीस टक्के जागा द्यायची. पाचवा हिस्सा धोक्याच्या सूचनेला द्यावा लागतो, अशी खेळण्याची जाहिरात कोणी पाहिली आहे? सापशिडीला हा मान पैसे लावल्यावर मिळाला.

शिवाय न्यायालयात मांडायला ‘कौशल्य’ होते. त्याला आधारही भक्कम. मुंबईचा जुगारप्रतिबंधक कायदा 1887 चा. केवळ कौशल्याचे खेळ त्याने वगळले आहेत. रमीत कौशल्याचा भाग मोठा, हे सर्वोच्च न्यायालयाने 1968 मध्येच म्हटले. या आधारावर एक अख्खा धंदा उभा राहिला, कर भरू लागला, क्रिकेट संघाच्या छातीवर झळकू लागला. फाशांचा लुडोही त्याच आधाराखाली येऊन उभा राहिला.

आता धाराशिव जिल्ह्यातल्या माकणीचा विचार करा. लोहारा तालुक्यातले हे गाव तेरणेवरच्या धरणामुळे सगळ्यांना माहीत आहे. तिथे धरणाच्या कडेला चौघे तिरट खेळत बसले, तर पोलीस येणार. पत्ते आणि रोकड जप्त होणार, गुन्हा दाखल होणार, वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळी येणार. डाव कुणाच्या खोलीत बसला असेल आणि खोलीचा मालक दर डावामागे नाल, म्हणजे आपला वाटा, काढत असेल, तर त्याच्यावर कलम अधिक जड. कारण 1887 च्या कायद्यात अड्डा ओळखायची एक खूण तीच आहे: जागा पुरवणारा खेळातून फायदा काढतो का? खोलीवाल्याने वीस रुपयांत तीन काढले की तो अड्डेवाला. ॲपवाल्याने वीस रुपयांत तीन काढले की तो नवउद्योजक. दोघांमध्ये फरक कसला, तर एकाला खोली आहे आणि दुसऱ्याला बोधचिन्ह.

म्हणून लक्ष ठेवायचे ते या तीन रुपयांवर. लुडोमध्ये कौशल्य किती आणि नशीब किती, हा वाद वर्षानुवर्षे चालला असता. कंपनीला त्याच्याशी काही देणेघेणे नव्हते. फासा कसाही पडो, जिंको कोणीही, तीन रुपये ठरलेले. ना कौशल्य लागे, ना नशीब. सोंगट्या हलवणारे चौघेच काय ती जोखीम घेत होते. या मांडणीला खेळ म्हणायचे असेल, तर त्यातला पाचवा खेळाडू कधीच हरत नव्हता, हेही म्हणावे लागेल.

नव्या कायद्याने कौशल्य आणि नशीब हा भेदच बाजूला ठेवला. पैसे लावले, बदल्यात पैसे मिळण्याची आशा दाखवली, की खेळ बाद. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. कायदा बरा की वाईट, यावर मतभेद होतील. काही कंपन्या न्यायालयात गेल्या आहेत, तो त्यांचा हक्क आहे. बंदीने डाव बंद होत नाहीत, ते आडोशाला जातात, हा आक्षेपही खोटा नाही. पण कायद्याने एक काम चोख केले. रुपया काढून घेतला आणि खाली काय उरते ते दाखवले. खाली लुडो उरला. लाल, हिरवा, पिवळा, निळा, आठ वर्षांच्या मुलालाही कळणारा.

हाच लुडो नवी मुंबईतल्या गेमेशन या कंपनीने 2016 मध्ये ‘लुडो किंग’ नावाने आणला. चेहरा सरळ पोरांचा, कमाई मुख्यतः जाहिरातींतून. 2020 च्या टाळेबंदीत देशभर घराघरांतून तो खेळला गेला. त्याला प्रौढ म्हणवून घेण्याची गरज पडली नाही आणि ऑगस्ट 2025 मध्ये बंद करण्यासारखे पैशांचे डावही त्याच्याकडे नव्हते. पोरकट दिसणारा खेळ धंदा म्हणून चालत नाही, हे म्हणणे त्याने आधीच खोटे पाडले होते.

तेव्हा पोरकटपणाची लाज वाटणाऱ्यांनी आधी हे सांगावे, की त्यांना मोठे व्हायचे होते म्हणजे नेमके काय करायचे होते. गोष्ट अधिक खोल करायची होती? चित्रे अधिक देखणी करायची होती? खेळ अधिक अवघड करायचा होता? निन्टेंडोने निदान रंग तरी बदलून पाहिला. लुडो सुप्रीममध्ये मोठेपणाच्या नावाखाली एकच भर पडली, ती पैशांची. ती निघाल्यावर खेळ होता तिथे परत आला, याचा अर्थ त्याच्यात दुसरे काही वाढलेलेच नव्हते.

आता हीच मंडळी विरंगुळा, कुटुंब, मैत्री असे मऊ शब्द वापरू लागतील. वापरोत. फक्त एक अट हवी. न्यायालयात ज्यांना कौशल्याचा प्रौढ उद्योग म्हणून उभे राहायचे आहे, त्यांनी बाजारात निरागस सापशिडी म्हणून उभे राहू नये. दोन्हीकडे एकच ओळखपत्र दाखवावे. आणि उद्या पैसे लावण्याची मुभा पुन्हा मिळालीच, तर बोधचिन्हाच्या खाली, इशाऱ्याच्या वर, तितक्याच मोठ्या अक्षरांत एक आकडा छापणे सक्तीचे करावे: दर वीस रुपयांत आमचे किती.