मुंबईत मुलांना घेऊन जेवायचे कुठे?



सुगी आटोपली, माल बाजारात गेला, हाती चार पैसे आले की घरातली पोरे मुंबईचे नाव काढतात. कुणाचा काका गिरणगावात राहिलेला असतो, कुणाची मावशी डोंबिवलीला दिलेली असते. कुणी राणीची बाग दाखवायला निघतो, तर कुणाला परळच्या इस्पितळाची तारीख मिळालेली असते. कारण कोणतेही असो, दादरला उतरल्यावर तासाभरात पहिला प्रश्न येतो तो पोटाचा. आधी पोटोबा, मग विठोबा, हे मोठ्यांपेक्षा मुलांना जास्त लागू. मोठा माणूस चहावर दुपार काढील, चार वर्षांचे पोर काढणार नाही.

आणि इथेच आपली माणसे अडतात. हॉटेलच्या दारात उभी राहून आत डोकावतात, खुर्च्या-टेबले पाहतात, आपल्या हातातल्या पिशव्या पाहतात आणि पुढे सरकतात. शेवटी स्टेशनबाहेर उघड्यावरचे तळण आणि बर्फाचे रंगीत पाणी मुलांच्या हाती देऊन वेळ मारून नेतात. तेवढ्यापुरते दहा-वीस रुपये वाचतात. रात्री पोर ओकू लागले की त्याच्या कितीतरी पट औषधाला जातात.

ही भीड टाकून द्या. मुंबईची जुनी खाण्याची ठिकाणे गाव सोडून आलेल्या माणसांनीच काढली, आणि गाव सोडून आलेल्या माणसांसाठीच काढली. कोकणातून, साताऱ्याकडून गिरणीत कामाला आलेला माणूस बायको-मुले गावी ठेवून यायचा. त्याला दोन वेळा भाकरी-कालवण घातले ते चाळीतल्या खानावळवाल्या बायांनी. त्याच बायांना एकत्र करून गोवा मुक्तिलढ्यातल्या कार्यकर्त्या प्रेमाताई पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. उडुपीकडून आलेल्यांनी इडली आणली, इराणातून आलेल्यांनी बनमस्का आणला. तेव्हा त्या दारात आपण परके नाही.

आता ठिकाणे सांगतो. दादरचा मध्य धरून चाला.

दादर पश्चिमेला शिवसेना भवनाजवळ ‘आस्वाद’ आहे. 1986 पासून चालू आहे. तिथल्या मिसळीला 2015 साली लंडनमध्ये बक्षीस मिळाले, म्हणून सगळे मिसळच मागतात. मुलांसाठी मात्र थालीपीठ-लोणी किंवा साबुदाण्याची खिचडी सांगा. शिवाजी पार्कच्या बाजूला ‘प्रकाश’ आहे. साबुदाणा वडा आणि पियूष यांसाठी त्याचे नाव. पियूष म्हणजे श्रीखंडाच्या चवीचे पातळ पेय. तिखट न खाणाऱ्या पोराला ते आवडते. या ठिकाणी गर्दी असते, अनोळखी माणसांच्या टेबलावरही बसावे लागते. त्यात कमीपणा नाही, पंगतीत आपण तसेच बसतो. खाऊन झाल्यावर मुलांना शिवाजी पार्कच्या मैदानावर मोकळे सोडा. गाडीत आखडलेले पाय सुटतात.

दादरहून ठाण्याच्या दिशेने मध्य रेल्वेचे पुढचेच स्टेशन माटुंगा. स्टेशनसमोर रामा नायक यांचे ‘उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग’ आहे, 1942 सालचे. केळीच्या पानावर भात, भाज्या, सांबार, रसम वाढतात. पोटभर जेवणाचे पान दोघांत वाटून घेऊ देत नाहीत, हा अशा बहुतेक ठिकाणचा नियम. म्हणून लहान मुलासाठी वेगळे काय मिळेल ते बसण्याआधीच विचारा. किंग्ज सर्कलकडे गेलात तर ‘कॅफे मद्रास’ आहे, 1940 सालचे. तापातून उठलेल्या किंवा इस्पितळातून आणलेल्या मुलाला इडलीसारखे दुसरे अन्न नाही. ती वाफेवर शिजते, मऊ असते, पचायला हलकी. सोबतचे सांबार गरम असेल तेच द्या.

बोरीबंदर-मरीन लाइन्सकडे काम असेल तर धोबी तलावाजवळ 1904 सालचे ‘कयानी’ हे इराणी हॉटेल आहे. अशी इराणी हॉटेले आता थोडीच उरली. चहात बुडवून बनमस्का खाण्यात मुलांना मोठी गंमत वाटते, आणि खिसाही फार हलका होत नाही.

राणीच्या बागेला जायचे असेल तर भायखळ्याला उतरा. ही बाग 1862 सालची, बुधवारी बंद असते. मुलांचे पोट भरूनच आत शिरा, म्हणजे वाघ बघताना ‘आई, भूक’ होत नाही.

घाटावरच्या मुलांनी समुद्राची मासळी फारशी खाल्लेली नसते. मालवणी किंवा गोमंतकी खानावळीत गेलात तर त्यांच्यासाठी पापलेट किंवा सुरमईचा तुकडा सांगा. त्यात बारीक काटे कमी. तरी पहिला घास आईने चाचपून द्यावा. कोळंबी आणि खेकडा काहींच्या अंगावर उठतो. पहिल्यांदा देताना एकदोनच तुकडे द्या आणि थांबा. जून-जुलैत यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, तेव्हा ताज्या मासळीचा आग्रह धरू नका.

ठिकाण नवीन असेल तर तीन गोष्टी पाहा. एक, आत बायका-मुले बसली आहेत का. दुसरी, गिऱ्हाईक भराभर उठते-बसते का, कारण जिथे उठबस जास्त तिथे शिळे उरत नाही. तिसरी, हात धुण्याची जागा कशी आहे. जो मालक तिथे पाणी आणि साबण ठेवतो, तो स्वयंपाकघरही बरे ठेवत असतो. घरून उकळलेल्या पाण्याची बाटली बरोबर असू द्या. कापून ठेवलेली फळे आणि बर्फाचा गोळा टाळा. चौपाटीवर भेळ खायचीच तर सुकी खा, पाणीपुरीचे पाणी लहानांना नको.

भाव दरवर्षी बदलतात, म्हणून इथे आकडे देत नाही. बसण्याआधी फळ्यावरचे भाव वाचा. थंड हवेच्या खोलीत तोच पदार्थ महाग पडतो. बिलावर सहसा पाच टक्के जीएसटी लागतो, तो सरकारी कर. पण ‘सर्व्हिस चार्ज’ म्हणून वेगळी रक्कम आपोआप लावता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्ये तसे ठरवून दिले, आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते कायम केले. ती रक्कम दिसली तर शांतपणे ‘ही काढा’ म्हणा. नाही ऐकले तर 1915 हा ग्राहकांचा दूरध्वनी क्रमांक आहे.

आणखी एक सुचवतो. फळा मुलांकडून वाचून घ्या. ‘आपल्याजवळ एवढे पैसे आहेत, पाच जणांचे बसव’ असे थोरलीला सांगा. शाळेत न सुटणारी बेरीज तिथे सुटते. थालीपीठ आले की विचारा, यातला कांदा कुठून आला? खिचडीतले शेंगदाणे, इडलीतला उडीद, चहातली साखर, सगळे कुणाच्या तरी रानातून आलेले. आपल्या कांद्याला किलोमागे काय मिळाले आणि इथे एका बशीला काय पडते, हेही मुलांना बघू द्या. मधे वाहतूक आहे, हमाल आहे, आचारी आहे, जागेचे भाडे आहे. हा हिशेब ज्या पोराला लहानपणी कळतो, ते उद्या शेती करो की नोकरी, बाजारात सहसा फसत नाही.

आणि मुख्य म्हणजे, ज्या घरचे धान्य त्या टेबलावर येते, त्या घरच्या मुलाने त्या दारात बिचकून उभे राहण्याचे कारण नाही. पुढच्या खेपेला दादरला उतराल तेव्हा पिशव्या सावरा, पोराचे बोट धरा आणि सरळ आत जाऊन बसा.