सर्व्हे भरा, पैसे कमवा. पण पैसा कोणाचा?

यवतमाळ जिल्ह्यातल्या कुठल्याही अभ्यासिकेत जा. स्पर्धा परीक्षेची पुस्तके समोर ठेवून बसलेल्या आमच्या मुलामुलींच्या मोबाईलवर एक निरोप हमखास सापडतो : घरबसल्या सर्व्हे भरा, रोज हजार रुपये कमवा. दिग्रसच्या एका तरुणाने आम्हाला तो दाखवला आणि विचारले, "सर, हे खरं रायते का हो?"

अशा मुलाला 'मोहात पडू नको' म्हणून सांगणारे पुष्कळ भेटतात. बाप कापसाच्या भावाची वाट पाहतो, मुलगा भरतीच्या जाहिरातीची. तो मोहात पडलेला नाही, तो काम शोधतो आहे. त्याला उपदेश नको, उत्तर हवे.

पैसे देणारे खरे सर्व्हे असतात. साबण, मोबाईल किंवा टीव्हीवरचा कार्यक्रम लोकांना कसा वाटतो, हे विचारून ती माहिती कंपन्यांना विकणाऱ्या संस्था जगभर आहेत. पण त्या देतात किती? वीस मिनिटे प्रश्न सोडवले की थोडे गुण जमा होतात, पुष्कळ गुण साठले की एखादे खरेदीचे कुपन मिळते. अर्ध्यावर 'तुम्ही या सर्व्हेत बसत नाही' म्हणून बाहेरही काढतात. त्यावर महिन्याचा मोबाईल रिचार्ज निघाला तरी नशीब. घर चालत नाही. मात्र ते तुमच्याकडून एक रुपयाही मागत नाहीत. सरकारी नमुना पाहणीवाला दारात येतो, जनगणनेचे मास्तर येतात, तेही पैसे मागत नाहीत. उत्तर देणाऱ्याकडूनच जो पैसे घेतो त्याचा धंदा सर्व्हेचा नाही, हे पक्के धरून चाला.

ज्यांना हे कठोर वाटते त्यांनी स्पीक एशिया आठवावी. सिंगापूरला नोंदलेली ही कंपनी २०१० मध्ये भारतात पसरली. ११,००० रुपये भरून वर्षाची वर्गणी घ्यायची, आठवड्याला दोन सर्व्हे भरायचे, प्रत्येकी ५०० रुपये मिळवायचे. वर्षाला ५२,०००. शिवाय नवा माणूस आणला की वेगळे कमिशन. टीव्हीवर झगझगीत जाहिराती होत्या. मे २०११ मध्ये बातम्या फुटल्या, पैसे मिळणे थांबले, मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने गुन्हा नोंदवला आणि जुलैत कंपनीच्या भारतातल्या एका बड्या अधिकाऱ्याला अटक झाली. पोलिसांनी ज्याला सूत्रधार म्हटले तो राम सुमिरन पाल दिल्लीत सापडायला नोव्हेंबर २०१३ उजाडले. सुमारे २४ लाख लोक आणि २,२०० कोटींहून अधिक रुपये, असा हिशोब पोलिसांनी सांगितला.

रुपयाच्या प्रश्नावर १९२३ साली ग्रंथ लिहिणाऱ्या महामानवाचे आम्ही अनुयायी. मग आम्ही निदान पाचवीचे गणित तरी करावे की नाही? २४ लाख लोकांना प्रत्येकी ५२,००० द्यायचे तर १२,४८० कोटी लागतात. एकेक वर्गणी धरली तर जमा होतात २,६४० कोटी. उरलेले जवळजवळ दहा हजार कोटी कोण देणार? आमच्या उत्तरांना एवढी किंमत देणारे गिऱ्हाईक साऱ्या भारतात नव्हते. आधी आलेल्याला मिळालेला पैसा मागून आलेल्याच्या खिशातला होता. सर्व्हे हे केवळ सोंग होते. त्यामुळे उत्तर काय लिहिले याची कुणाला पर्वाच नव्हती.

याहून जिव्हारी लागणारी गोष्ट पुढे घडली. लुबाडले गेलेल्यांतलेच अनेक लोक कंपनीच्या बाजूने संघटना काढून रस्त्यावर उतरले, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. त्यांना मूर्ख म्हणणे सोपे आहे. पण ज्याने मेहुण्याला, शेजाऱ्याला, विहारातल्या ओळखीच्या माणसाला आपल्या शब्दावर ११,००० भरायला लावले, त्याला कंपनी खोटी होती हे कबूल करणे म्हणजे आपला शब्द खोटा होता हे कबूल करणे. तो कसा करील?

आता सोंग बदलले आहे. व्हॉट्सॲप-टेलिग्रामवर 'टास्क' येते. सर्व्हे भरा, हॉटेलला चांगला शेरा द्या. पहिल्या दिवशी दीडशे-दोनशे रुपये खरोखरच खात्यात पडतात. हाच गळ. मग 'मोठ्या टास्कसाठी' दोन हजार भरा, पाच हजार भरा, पडद्यावर तुमची रक्कम फुगलेली दिसते, ती काढायला 'कर' म्हणून आणखी भरा. काही ठिकाणी तर पैसे मागतच नाहीत, बँकेचे खाते 'वापरायला' मागतात. हे सर्वांत भयंकर. कुणा लुटलेल्या माणसाचे पैसे आमच्या पोराच्या खात्यातून फिरतात, दुसऱ्या राज्याचे पोलीस खाते गोठवतात आणि शिष्यवृत्ती त्याच खात्यात येणार असते. गुन्हेगार कुठे बसला आहे ते कळत नाही. नाव-पत्ता मात्र पोराचा असतो.

आमच्या वस्त्यांत हा रोग लवकर का पसरतो? आमच्यात अजून माणसाच्या शब्दावर विश्वास आहे म्हणून. जयभीम म्हणून हाक मारणाऱ्याकडे आम्ही संशयाने पाहत नाही. चळवळीने पिढ्यानपिढ्या कमावलेले हे भांडवल आहे आणि साखळीवाले नेमके तेच फुकटात वापरतात. तथागतांनी कालामांना सांगितले होते की कुणी मोठा माणूस सांगतो म्हणून मानू नका, पारखून घ्या. हे सूत्र आम्ही पोथ्या-पुराणांना लावले. आपल्याच माणसाने आणलेल्या योजनेला लावताना मात्र आम्हाला संकोच वाटतो.

आमचे मत काहींना रुचणार नाही, तरी लिहितो. ज्याने समाजातल्या माणसांना अशा साखळीत ओढून कमिशन घेतले त्याने 'मीही फसलो' म्हणून सुटू नये. घेतलेले कमिशन आधी परत करावे. साखळी योजनांवर बंदी घालणाऱ्या १९७८ च्या केंद्रीय कायद्यात योजना चालवणे तर गुन्हा आहेच, सभासद होऊन भाग घेणे हाही गुन्हा आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी पंचशीलातले दुसरे शील आम्ही रोज म्हणतोच ना?

बुडालेला पैसा परत मिळतो का? यवतमाळच्या बाबाजी दाते महिला सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२२ मध्ये रद्द केला, तेव्हा ठेवीदारांना पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण तरी होते. टेलिग्रामवरच्या 'मॅडम'च्या मागे कुठलाही विमा नाही. १९३० या क्रमांकावर तासा-दोन तासांत तक्रार झाली तर रक्कम वाटेत अडवता येण्याची शक्यता असते. आमची माणसे लाजेपायी आठवडाभर बोलत नाहीत, तोवर पैसा चार खाती ओलांडून गेलेला असतो.

दिग्रसच्या त्या तरुणाला दोनशे रुपये मिळाले होते आणि दोन हजारांची मागणी आली होती. त्याने ते भरले नव्हते. पण आपल्या मावसभावाला त्याने त्या ग्रुपमध्ये घेतले होते. आमच्यासमोरच त्याने फोन लावला. पलीकडून आवाज आला, "आताच तर पाठवले, दादा."

आम्ही त्याच्या हातातून फोन घेतला आणि मावसभावाला १९३० हा नंबर लिहून घ्यायला सांगितला.