पाहुणीं फुलें व घरचीं फुलें

दर वर्षीं स्नेहसंमेलन जवळ आलें म्हणजे बहुतेक शाळांच्या बागांना एकदम जाग येते. झेंडूचीं व इतर हंगामी फुलांचीं रोपें विकत आणून फाटकापासून मंडपापर्यंत कुंड्या मांडण्यांत येतात. बक्षिसें वांटलीं गेलीं, पाहुणेमंडळी परतली, कीं थोड्याच दिवसांत तीं रोपें सुकतात आणि माती उघडी पडते. हंगामी फुलांस नांवें ठेवण्याचा आमचा हेतु नाहीं. तीं डोळ्यांचें पारणें फेडतात हें खरें. परंतु ज्या बागेंत केवळ पाहुणेच येतात व घरचें माणूस एकही नाहीं, तिला बाग म्हणावें कीं धर्मशाळा, असा प्रश्न आम्हांस पडतो.

घरचीं माणसें म्हणजे बहुवर्षायु फुलझाडें. बहर सरल्यावर हीं मरत नाहींत. मुळांत किंवा कंदांत जीव राखून पुढल्या वर्षीं पुन्हां फुलतात. पाऊस ओसरूं लागल्यापासून थंडी पडेपर्यंतचे दिवस आपल्याकडे अशाच झाडांचे आहेत. भाद्रपदांत पांढरा सोनटक्का व सायंकाळीं उमलणारी गुलबक्षी, आश्विनांत निशिगंध, कार्तिकांत पिवळी व जांभळी कोरांटी, आणि तेथून पुढें पौषापर्यंत शेवंती. एवढीं झाडें एकदां नीट लागलीं, तर तेरडा व झेंडू संपल्यावरही बागेंत रंगांचा दुष्काळ पडत नाहीं.

ह्यांपैकीं शेवंतीविषयीं थोडें विस्तारानें सांगतों. तिची मूळ भूमि चीन. जपानच्या राजघराण्याचें चिन्ह तिचेंच फूल आहे. आपल्याकडे ती वेणींत, हारांत व परसांत इतकी रुळली आहे कीं तिला कोणी परकी म्हणणार नाहीं. तिचा एक गुण मात्र थोड्यांसच ठाऊक असतो. दिवस लहान व रात्री मोठ्या होऊं लागल्यावांचून ती कळी धरीत नाहीं. वनस्पति दिवसरात्रीच्या लांबीप्रमाणें फुलतात, हें अमेरिकेंतील गार्नर व अॅलर्ड ह्या शास्त्रज्ञांनीं १९२० सालीं प्रसिद्ध केलें. ज्यांस शेवंती उशिरां हवी ते बागाईतदार आज तिच्यावर रात्रीं दिवे लावतात. लवकर हवी असल्यास काळें कापड पसरून अंधार करतात.

हें वाचून ठाऊक असतांही आम्हीं एकदां मोठी चूक केली. शेवंतीचे दोन वाफे लावले. एक मैदानापलीकडे व दुसरा फाटकाशीं, रात्रभर जळणाऱ्या दिव्याखालीं. डिसेंबरांत पलीकडचा वाफा पिवळाधमक झाला. फाटकाशीं मात्र नुसतीं हिरवीं पानें. रोपें वांझ आहेत असें ठरवून आम्हीं माळीदादांस तीं उपटावयास सांगितलीं. तेव्हां आठव्या इयत्तेंतील एक मुलगी म्हणाली, "सर, त्यांना रात्रभर झोंप मिळत नाहीं, म्हणून तर फुलें येत नसतील?" आम्ही वरमलों. तोंवर निम्मीं रोपें उपटलीं गेलीं होतीं. उरलेलीं काळोखांत हलविलीं आणि माघांत तीं फुललीं. जें झाड आपल्या वेळेस फुललें नाहीं तें निकामी, असा निकाल आपण किती चटकन् देतों! वर्गांतील एखाद्या मुलाविषयीं असा निकाल देतांना आम्हांस आतां तो वाफा आठवतो.

कोणी म्हणेल, फुलें दोन महिने आणि निगा बारा महिने, हा कसला व्यवहार? निगा मुळींच अवघड नाहीं. बहर संपल्यावर दांडे जमिनीपासून चार बोटांवर छाटावे. उन्हाळ्यांत थोडी सावली व बेताचें पाणी द्यावें. मृगाच्या सुमारास बुडाशीं आलेले फुटवे मुळांसकट वेगळे करून लावावे, आणि महिन्याभरानें शेंडे खुडावे, म्हणजे फांद्या पुष्कळ फुटतात. मुळाशीं पाणी मात्र सांचूं देऊं नये. त्यानें मुळें कुजतात. एका झाडापासून अनेक झाडें होतात, व त्यांस पैसा पडत नाहीं.

म्हणून आमची सूचना अशी. शाळा सोडून जाणाऱ्या वर्गानें एक वाफा मागें ठेवावा. पुढल्या वर्गानें त्याचे फुटवे काढून तो वाढवावा. आणि प्रत्येक मुलानें एक फुटवा घरीं न्यावा. परस नसल्यास कुंडी पुरे. आईबापांस आमची विनंति एवढीच कीं, उन्हाळ्याच्या सुटींत ती सुकलेली काडी पाहून कुंडी रिकामी करूं नये. मुलास पाणी घालूं द्यावें व मार्गशीर्षापर्यंत वाट पाहावी.