पस्तीस दिवसांनी काय होतं?

"सोडायची तर मनाने सोडावी. त्यासाठी पस्तीस दिवस जाऊन राहायला कशाला लागतं?" परवा मेसमध्ये एकजण म्हणाला. सगळे हसले. मला हसू आलं नाही.

आमच्या डिंभ्यात चुलत्यांची दारू आजीने अशीच 'मनाने' सोडवायला घेतली. त्यांना खोलीत कोंडलं. दुसऱ्या रात्री हात थरथरायला लागले, भिंतीवर किडे दिसायला लागले, पहाटे फिट आली. घोडेगावला नेईपर्यंत वाटलं, माणूस गेला. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम तोडली तर जीवही जाऊ शकतो, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं.

नंतर काका येरवड्याच्या मुक्तांगणमध्ये गेले. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या मदतीने २९ ऑगस्ट १९८६ रोजी हे केंद्र सुरू केलं. तेव्हा गर्दने कॉलेजची पोरंसुद्धा पोखरली होती. म्हणजे हा विषय आपल्या वयाचाच. तिथला मुक्काम पस्तीस दिवसांचा. सुरुवातीचे दिवस डॉक्टरांच्या नजरेखाली शरीर सावरण्याचे. नंतर समुपदेशन, गटात बोलणं, योग, वाटून घेतलेली कामं. बायकांसाठी 'सहचरी' गट आहे, कारण व्यसन एकाचं असलं तरी भोगतं सगळं घर.

मग पस्तीस दिवसांत माणूस बरा होतो का? नाही. तिथे फक्त सुरुवात होते. खरी परीक्षा गावी परतल्यावर, जुने मित्र आणि जुना नाका समोर आल्यावर. काका वर्षभराने घसरले, पुन्हा गेले. फॉलोअप मात्र सोडला नाही. आज नऊ वर्षं झाली, थेंब नाही.

आपल्याकडे एम-थ्रीत दोनदा केटी लागली तरी कुणी त्याला वाया गेलेला म्हणत नाही. व्यसनात मात्र पहिल्या घसरणीलाच "हा सुधारणार नाही" असा शिक्का. हॉस्टेलमध्ये कुणी सापडला की सामान बांधून घरी रवानगी. शिस्त हवीच, वाद नाही. पण त्याला घालवलं म्हणजे व्यसन गेलं का? कावीळ झालेल्याला मेडिकल लीव्ह मिळते. उपचाराला जाणाऱ्यालाही ती मिळावी, हजेरीत सवलत मिळावी, आणि परतल्यावर त्याची कॉट शाबूत असावी. सरांनी एवढं जरूर पाहावं.

आणि आपण? तो परत आला की पार्टीला "एकच घे रे" म्हणू नये. तेवढं जमलं तरी पुष्कळ.